येऊन राहिली जोडी

धान कापलं गेलं की आमच्या गावातून फार लांबवरचं दिसायला लागतं. पावसाळाभर बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, उभं असलेलं हिरवं, मग पिवळं, एकदाचं खाली बसतं आणि तलावाची पाळ, पाळीवरची मोहाची झाडं, पलीकडचा आमगावचा रस्ता, सगळं उघडं पडतं. लहानपणी मला या दिवसांची ओढ असायची. आता पौष लागला की मी गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या माझ्या दुकानात, मोटरसायकलींच्या सुट्या भागांच्या खोक्यांमागे, गरजेपेक्षा जास्त वेळ बसून राहतो. गिऱ्हाईक नसलं तरी शटर ओढत नाही. उघड्या जागा मला सोसत नाहीत.

यंदा गावात पट भरतो आहे. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची धाव. मधली काही वर्षं कोर्टाच्या हुकुमाने सगळीकडचे पट बंद होते. मग परवानगी आली, आजूबाजूच्या गावांनी लगेच धावेच्या वाटा आखल्या. आमचंच गाव मागे राहिलं. कुणी म्हणे जागेवरून तंटा आहे, कुणी म्हणे कमिटीत दोन पार्ट्या पडल्यात. खरं कारण कुणी तोंडाने बोलत नव्हतं. बंदी आली तेव्हा लोक हळहळले होते, त्यांच्यात बसून मीही मान हलवली होती. घरी आल्यावर मात्र मी पोटभर जेवलो होतो, हे आज लिहून टाकतो.

पट म्हणजे आमच्या गावाचं दुसरं पीक. पहिलं धानाचं, दुसरं माणसांचं. घरोघरी पाहुणे उतरायचे. लेकी माहेरी यायच्या, पोरी दाखवायचे कार्यक्रम जलेबीच्या दुकानाआड व्हायचे, आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या निम्म्या लग्नांची बोलणी पटाच्या धुळीतच झालेली असायची. नाटकवाल्यांच्या जाहिराती सांगत ऑटो फिरायचे, त्यातला आवाज निम्मा मराठी, निम्मा हिंदी. तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, ढिगांना दव पडून एक आंबूस वास सुटायचा. त्या वासात तळणाचं तेल, बैलांच्या अंगाला चोळलेली हळद आणि शेण मिसळलं की समजायचं, पट आला.

आणि त्या सगळ्या गलक्यावर एक आवाज असायचा. तो माझा.

मला गावात मनोहर म्हणून कमी आणि रेडिओ म्हणून जास्त ओळखत. वाटेच्या सुरुवातीला बांबूचं मचाण, त्यावर मी, हातात माईक, दोन्ही बाजूला भोंगे. मराठी, हिंदी, पोवारी, जो पाहुणा दिसेल त्याच्या भाषेत बोलायचो. हरवलेली पोरं, सुटलेल्या चपला, उधार ठेवून पळालेले जावई, सगळ्यांची खबर मीच द्यायचो. जोडी सुटायच्या तयारीत आली की माझं ठरलेलं वाक्य होतं. धुरकऱ्याचं, म्हणजे जोडी हाकणाऱ्याचं, नाव घ्यायचं आणि म्हणायचं, “येऊन राहिली जोडी, वाट द्या.” तेवढ्याने वाटेच्या दुतर्फा माणसं मागे सरायची. झेंडी पडायची ती त्यानंतर.

आमच्या बोलीत सगळं चालू असलेलं काम ‘राहून’ चालतं. जाऊन राहिलो, खाऊन राहिलो, मरून राहिला. पुण्याकडचा एक पाहुणा हसून म्हणाला होता, तुमच्याकडे धावणारासुद्धा राहतोच की. मीही हसलो होतो. त्या वाक्यात किती माणसं कायमची राहून जातात, हे मला नंतर कळलं.

आमच्या पटात एक शब्द मना होता. ‘थांब’. कुणी घातलेला नियम, कुणाला ठाऊक नाही. सांगायचे ते एवढंच, की पट शंकराचा, त्याच्या नंदीला वाटेवर थांब म्हटलं की तो वर्षभर थांबतो. पाऊस थांबतो, तलावाचं पाणी थांबतं, घरातला पाळणा थांबतो. म्हणून पटाच्या दिवसांत गावात ‘दम धर’ चालायचं, ‘जरा राहा’ चालायचं. चहावालासुद्धा “राहा बापा, उकळून राहिला” म्हणायचा. चुकून कुणी थांब बोललं तर त्याने जागेवर नारळ फोडायचा.

एकदा नागपूरचे एक जावईबुवा आपल्या पोरामागे धावत “थांब रे, थांब” ओरडले आणि सगळी वाट हसून लोळली. दुलीचंदबापू, जे नारळाचा हिशेब बघायचे, काठी टेकत त्यांच्यासमोर उभे राहिले.

“किती डाव बोलले, जावईबापू?”

“काय बोललो मी?”

“दोन डाव. दोन नारळ आना.”

“अहो, पोरगं पडलं असतं ना.”

“पडू द्या. पोरगं उठते. पाऊस नाही उठत.”

त्याच जावईबुवांनी मग विचारलं होतं, तुमच्याकडे घोडे का धावत नाहीत, ऐट तरी दिसली असती. बापू म्हणाले, “घोडा लगाम आयकते. बैल शब्द आयकते.” यावरही लोक हसले. मी ते भोंग्यावरून पुन्हा सांगितलं आणि पुन्हा हसवलं.

हसणं आठवतं ते याचसाठी, की त्याच पटात दुसऱ्या दिवशी ते झालं.

हिरामण माझा चुलतभाऊ. वर्षा-दीड वर्षाने मोठा, पण आम्ही एकेरीवर. त्या काळात पंचक्रोशीत त्याच्यासारखा धुरकरी नव्हता. छकड्यावर, पटाच्या हलक्या दोनचाकी गाडीवर, तो बसायचा नाही, जणू नुसता टेकायचा. हातात टोकाला खिळा लावलेली काठी असते, आमच्याकडे तिला तुतारी म्हणतात, ती तो कमरेला खोचून ठेवायचा. बैलाला टोचलेलं मी कधी पाहिलं नाही. बोलायचा. काय बोलायचा ते छकड्याच्या आवाजात ऐकू यायचं नाही.

आदल्या संध्याकाळी पानठेल्यावर आठ-दहा जण उभे होते. मी हिरामणच्या जोडीचं वर्णन भोंग्यावर कसं करणार ते म्हणून दाखवत होतो. लोक दाद देत होते. हिरामण सुपारी चघळत म्हणाला, “याचं सारं तोंडात आहे. हातात कासरा देऊन पाहा एखाद्या डाव, मंग आयकू याचा रेडिओ.”

मोठा हशा झाला. मीही हसलो. पण तिथे बाहेरगावचे एक गृहस्थ होते, आणि त्यांच्या पुतणीसाठी माझं बोलणं चालू होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पानाकडे. ती सोयरीक नंतर झाली नाही. झाली नाही ती दुसऱ्याच कारणाने असेल. त्या रात्री मात्र मला कारण एकच दिसत होतं.

सकाळी तलावावरून धुकं निघालं ते उशिरापर्यंत वाटेवर पडून होतं. ज्या सारस पक्ष्यांची जोडी आमच्या तलावावर उतरायची त्यातला एकच पाळीपलीकडे उभा दिसत होता आणि मधूनच ओरडत होता. बायका म्हणाल्या, दुसरा धुक्यात असेल. धुकं वर गेलं. दुसरा नव्हता. मी माईकवरून त्यावरही काहीतरी गंमत केली.

शेवटच्या धावेला हिरामणची जोडी आली. आमच्याकडे एका वेळी एकच जोडी सोडतात आणि घड्याळ लावतात. सुरुवातीला जोडी सुटेपर्यंत चार-पाच गडी बैलांना तोंडाशी धरून उभे असतात. बैल नाचत होते. डावा, ज्याचं नाव पाखऱ्या, डोकं झटकत होता. धरणारे सगळे उजवीकडून होते आणि त्यांची नजर झेंडीवर होती. डावी बाजू मचाणाकडे होती, म्हणजे माझ्याकडे. आणि मला पाखऱ्याच्या नाकातून लोंबणारं वेसणीचं टोक दिसलं. वेसण म्हणजे नाकपुड्यांतून ओवलेला दोर, बैलाला आवरायचं एकमेव साधन. ती तुटली होती. टोक झिपरं झालं होतं, अंबाडीचे तंतू पिंजून उभे राहिले होते, उन्हात ते सोनेरी दिसले. इतकं स्पष्ट मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही.

झेंडीवाल्याचा हात वर होता. तो माझ्या वाक्याची वाट पाहत होता.

‘थांबा’ हा शब्द माझ्या घशात आला. त्याला चव होती, ती अजून आठवते, तांब्याच्या भांड्यातल्या शिळ्या पाण्यासारखी. पुढे सगळा पट, सगळे पाहुणे, दुलीचंदबापू काठी टेकून. आणि तोंडाने मी म्हणालो, “हिरामणची जोडी येऊन राहिली, वाट द्या.”

लोकांना मी आजवर काही सांगितलं असेल, कधी चुकून, तर एवढंच की पटात तो शब्द बोलता येत नाही. पण मना शब्दाच्या आड मी लपलो, हेही खरं आहे. एका श्वासात माणसाच्या मनात किती मावतं. मला वाटलं, वेसण नाही तर पाखऱ्या वाट सोडेल, जोडी उशिरा पोचेल, हिरामण हरेल. हरू दे एखाद्या डाव. एवढंच वाटलं. त्याचं वाईट व्हावं असं नव्हतं मनात. हरावा असं होतं. या दोहोंतलं अंतर वाटेच्या लांबीएवढंच निघालं.

वाटेच्या शेवटी तलावाची पाळ आहे. तिच्या उतारावर बायका-पोरं बसलेली असायची, कारण तिथून सगळं दिसतं. पाखऱ्या शेवटाला डावीकडे, नेमका त्या उताराकडे ओढू लागला. हिरामणने कासरा सोडून अंगाचा सगळा भार उजव्या बैलावर टाकला. जोडी वळली. बायकांच्या पदराला धूळ लागली, बाकी काही नाही. छकडा पाणी सोडायच्या मोरीच्या दगडी कठड्यावर आदळला आणि हिरामणचा पाय चाक आणि दगड यांच्यामध्ये सापडला.

भोंगे चालू होते. माझ्या हातातला माईक माझ्याच छातीला लागला होता आणि सगळ्या गावाला काही वेळ माझं काळीज ऐकू येत होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ओळखलं.

गोंदियाच्या दवाखान्यात पाय गुडघ्यापासून काढला. वेसण त्या गर्दीत कुठे तुडवली गेली, कुणाला सापडली नाही. आणि मग गावाने जे ठरवलं ते असं, की हिरामणने सकाळी घाईत वेसण बांधली आणि गाठ सुटली. पहिल्यांदा ते हिरामणच म्हणाला, दवाखान्याच्या खाटेवर: “गाठ सुटली असंन माही.” मी उशाशी उभा होतो. तेव्हा बोलता आलं असतं. सलाईनची बाटली पाहत राहिलो.

पटवाल्या गावात धुरकऱ्याची गाठ सुटणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. स्वयंपाकिणीच्या हातून विष वाढलं जावं तसं. त्याला गाठसुट्या म्हणू लागले. आधी पाठीमागे, मग पोरं तोंडावर. तो घराच्या पडवीत बसून अंबाडीचे दोर वळू लागला. वेसणी, कासरे, दावी. नायलॉनचे दोर बाजारात आले, तरी लोक त्याच्याकडे यायचे. त्याची वेसण कधी सुटली नाही, तुटली नाही. प्रत्येक वेसणीची गाठ तो स्वतःच्या उरलेल्या पायाच्या अंगठ्याला अडकवून, पुन्हा पुन्हा झटका देऊन बघायचा. मी गावी गेलो की त्याच्यासमोर बसायचो. तो झटका द्यायचा, आणि मी चहा प्यायचो. गेली कित्येक सालं आम्ही असे बसलेलो आहोत.

त्या पटाच्या वेळी पाळण्यात असलेली त्याची मुलगी पल्लवी आता आमगावला नोकरी करते. आजकाल पोरीही छकडा हाकतात. सकाळी नोकरी, संध्याकाळी बैल. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला.

“काका, यंदाचा माईक तुम्हीच धराचा.”

“माझा आवाज बसला आता, बाई.”

“बसू द्या. मी पहिल्या दिवशी पहिली धावून राहिली. बाबांच्या हातची वेसण, अन् तुमचा आवाज. मंग मले कोनाची भीती?”

त्या दिवशी मी शटर लवकर ओढलं.

काल दुपारी गावात गेलो. ट्रॅक्टर वाट सपाट करत होता, धूळ उठून तलावाकडे जात होती. पाण्यावर एकही पक्षी नव्हता. मोहाखाली जलेबीवाल्याने भट्टी मांडली होती. सगळं तसंच, आणि तेच मला भिववत होतं. जणू मधली सालं गेलीच नाहीत, झेंडीवाल्याचा हात अजून वरच आहे.

हिरामण पडवीत होता. त्याची बायको, कमलावहिनी, आत भांडी घासत होत्या. मी बसलो नाही.

म्हणालो, “हिरामण, मले दिसलं होतं.”

“काय?”

“पाखऱ्याची वेसण. जोडी सुटायच्या आधी.”

त्याचा हात दोरावर थांबला. हा शब्द मी आता मुद्दाम लिहितो आहे. थांबला.

“काय दिसलं?”

“टोक लोंबत होतं.”

“कसं टोक?”

“तुटलेलं. पिंजलेलं.”

मी पुढचंही सांगितलं. पानठेल्यावरचं, त्याच्या त्या बोलण्याचं, मनात काय आलं त्याचं. तो ते ऐकत नसावा. अंगठ्यातली वेसण त्याने सोडवली आणि तिचं टोक दोन बोटांत धरून पिंजायला लागला.

“असं?”

“असंच.”

“म्हंजे गाठ होती जाग्यावर.”

“गाठीला काही झालं नव्हतं. दोर गेला होता.”

त्याने ते तंतू अंगठ्याखाली फिरवून पाहिले. मग आत तोंड करून, मोठ्याने नाही, म्हणाला, “आयकलं का वो? गाठ नव्हती सुटली माही.”

भांड्यांचा आवाज बंद झाला. वहिनी दारात आल्या, हाताला राख तशीच. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा शिव्या देतील. त्यांनी फक्त विचारलं, “इतके साल काऊन नाही सांगतलं, भाऊजी?”

पायाचं मी मनाशी कितीतरी वेळा कबूल केलं होतं. त्या शब्दाचं, त्या हेव्याचं. पण त्या टोकाचं मला कधी सुचलंच नाही. ते एकट्या मला दिसलं होतं, आणि त्यात हिरामणची सुटका होती. माझं पाप मोजत बसण्यात मी इतका गुंतलो, की त्याची निर्दोष गाठ खिशात घेऊन फिरतोय हे विसरलो. वहिनी आत गेल्या. चहा आला नाही. त्या घरातून मी पहिल्यांदाच चहाशिवाय निघत होतो, आणि ते बरोबरच होतं.

निघताना म्हणालो, “पल्लवीला सांग, माईक मी नाही धरत.”

“कायले?”

“हे सारं आयकून तू विचारून राहिला?”

“कोन धरन मंग? तो जलेबीवाल्याचा पोट्टा? तो मोबाईलात पाहून राहते.” हिरामणने नवा दोर घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. “तुले दिसते. पोरगी माही धावून राहिली. मले तिथं पाहनारा पाहिजे.”

“अन् मना शब्द?”

“नारळ घेऊन बस ना जवळ.”

क्षमा केली का, मला ठाऊक नाही. तसं काही त्याच्या बोलण्यात नव्हतं. बैल दावणीला बांधताना असतो तसा स्वर होता.

आज संध्याकाळी माईक लावून पाहायचा होता. मचाण आता लोखंडी आहे. वर चढलो तेव्हा सूर्य पाळीच्या मागे उतरत होता आणि वाट पार शेवटपर्यंत लाल झाली होती. लोक कामात होते. पलीकडच्या टोकाला पल्लवी जोडी हळूहळू चालवून वाटेची ओळख करून देत होती. ऑपरेटर म्हणाला, “बोलो काका, कुछ भी बोलो.”

मी माईक तोंडाजवळ धरला. हॅलो म्हणायचं होतं. तीच चव आली, तांब्यातल्या शिळ्या पाण्याची.

“थांबा,” मी म्हणालो.

दोन्ही भोंग्यांतून तो शब्द गेला, पाळीवर आपटला आणि परत आला. ट्रॅक्टर बंद पडला. जलेबीवाल्याचा झारा तेलावर तसाच राहिला. मोठी माणसं मान वर करून पाहू लागली, आणि त्या चेहऱ्यांवर राग नव्हता, भीती होती. खूप लांब, वाटेच्या दुसऱ्या टोकाला, पल्लवीने कासरा ओढला होता. बैल उभे होते. बैलांपर्यंत तिचा शब्द पोचण्याआधी माझा पोचला होता.

कुणी तरी खालून म्हणालं, “रेडिओ, काय केलं हे? उद्या पट आहे.”

दुलीचंदबापू नाहीत आता. त्यांचा नातू नारळ घेऊन आला. मी खाली उतरलो आणि मोरीच्या त्या दगडी कठड्यापर्यंत चालत जाऊन नारळ फोडला. आतून नासका निघाला. काळं पाणी दगडावरून खाली ओघळलं. एक बाई म्हणाली, नासका म्हणजे देवाला पोचला. दुसरी पोराचं बोट धरून निघून गेली.

मी दुसरा नारळ मागितला नाही. येताना जलेबीवाल्याच्या पलीकडच्या दुकानातून पोतंभर नारळ घेऊन आलो. ते आता मचाणाखाली आहे. उद्या सकाळी धुकं असणारच, आणि पहिली जोडी पल्लवीची आहे.